गोदाअक्कांचा कन्सर्टो

गोदाअक्का भाकरी थापायला बसल्या की भिंतीपलीकडे मला बरोबर कळायचं, आज बाईंचं डोकं कुठे आहे ते. नुसतं थप थप थप असेल, तर भाकरी चाललीय. पण मध्येच थाप अडखळली, दोनदा मागे फिरली आणि एकदम भराभर पुढे धावली, की समजायचं, बाईंची बोटं पियानोवर गेली आणि भाकरीचं आता काही खरं नाही. त्यात कळण्याची भाकरी, आधीच फाटायला टपलेली. अक्कांची भाकरी गोल झालेली मी जन्मात पाहिली नाही. एकदा मी म्हटलं, "अक्का, ही भाकरी आहे की खानदेशचा नकाशा?" तर म्हणाल्या, "तुम्ही गणिताच्या बाई, तुम्ही वर्तुळं काढा. आम्ही खाऊ." आणि ठेचा लावून तो नकाशा मलाच वाढला.

आम्ही दोघी जळगावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. मी गणित शिकवायचे, त्या शिवण आणि गाणं. शिवणाचा त्यांना मनस्वी कंटाळा. मुलींना काज करायला बसवायच्या आणि स्वतः टेबलाच्या कडेवर दहा बोटं नाचवत खिडकीबाहेर बघायच्या. तपासनीस आले, त्यांनी एका मुलीचं काज पाहून विचारलं, "हे काय आहे?" मुलगी म्हणाली, "अक्का म्हणाल्या, हात चालू दे, डोकं येईल मागून." हे अक्कांचं आवडतं वाक्य. दुसरं त्याहून लहान, "बरं. पुन्हा." दूध उतू गेलं, बरं, पुन्हा. मुलीचा सूर लागला नाही, बरं, पुन्हा. त्या दोन शब्दांत रागही नसायचा आणि सुटकाही नसायची.

त्यांचे वडील कुठल्याशा नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचे. दोन्ही हातांनी पेटी वाजवायची विद्या अक्कांना तिथून मिळाली. पुढे लहानपणीच लग्न, लहानपणीच वैधव्य. ती कहाणी त्या काळी शंभर घरांत होती, त्यांनी ती मला कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिली, ती सांगते. आमच्या रस्त्यावरून लग्नाची वरात निघाली की आम्ही सगळ्या ओट्यावर धावायचो. अक्का आत थांबायच्या. विधवेनं वरातीसमोर येऊ नये, अशी तेव्हाची रीत. त्या खिडकीचं एक दार लोटून त्यामागे उभ्या राहायच्या आणि वरात मारुतीच्या देवळाशी वळेपर्यंत कान देऊन ऐकायच्या. मग बाहेर येऊन म्हणायच्या, "क्लॅरिनेटवाला गुणी आहे हो! त्या ढोलवाल्याला मात्र कुणीतरी आवरा." मला त्या खिडकीच्या दाराचा फार राग यायचा. अक्कांना येत होता की नाही, ठाऊक नाही.

तर तो पियानो. गावातल्या थिएटरात मुके सिनेमे लागायचे, तेव्हा पडद्याखाली एक पियानो वाजायचा. बोलपट आले आणि तो मुका झाला. शेटजींनी त्यावर चहाचे कप ठेवायला सुरुवात केली. अक्का एक दिवस तिकिटाच्या खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "तो बाजा शाळेला द्या." शेटजी म्हणाले, "अक्का, न्या आणि जागा मोकळी करा." दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून, भोवती कापसाच्या गोण्या लावून पियानो शाळेत आला. गाडीमागून अक्का पायी चालत होत्या, चेहऱ्यावर असं तेज, की समोरून येणारे लोक आधी त्यांच्याकडे बघायचे आणि मग पियानोकडे.

त्याची एक पट्टी मेलेली होती. मधल्या सप्तकातली काळी चार. दाबली की नुसतं टक्‌ वाजायचं. भुसावळहून दुरुस्तीवाला आला, त्यानं आत डोकं घातलं आणि म्हणाला, सुटा भाग विलायतेहून आणावा लागेल. अक्का म्हणाल्या, "राहू दे. एक दात पडला म्हणून माणूस जेवायचं सोडत नाही."

पियानो शिकवायला त्यांना रोझीबाई भेटल्या. मूळच्या गोव्याच्या, नवरा रेल्वेत गार्ड, भुसावळला साहेबांच्या वसाहतीत राहायच्या आणि देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, वाजवायच्या. दोन वर्षं दर रविवारी अक्का पॅसेंजरनं भुसावळला गेल्या. जाताना डब्यात भरीत, येताना बोटांत काहीतरी नवं. आणि मग एका मे महिन्यात रोझीबाई स्वतः जळगावला आल्या, हातात एक जड पेटी घेऊन. वसाहतीतला कुणी बडा साहेब मायदेशी परत निघाला होता, त्यानं टाकून दिलेल्या सामानात ग्रामोफोनच्या या चार तबकड्या होत्या.

"कन्सर्टो आहे, गोदा," रोझीबाई म्हणाल्या. "मी ऐकला नाही अजून. रशियाकडचा कुणी लिहिणारा आहे, अजून हयात आहे. नव्या तऱ्हेचा. साहेब लोकसुद्धा त्याला नावं ठेवतात."

"कन्सर्टो म्हणजे?" मी विचारलं.

"एका बाजूला एकटा पियानो, दुसऱ्या बाजूला सगळा वाद्यमेळ. कधी भांडतात, कधी गळ्यात पडतात."

अक्कांनी वरच्या तबकडीवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "म्हणजे एकटी बाई आणि अख्खं गाव." आणि अशा हसल्या, की मला तेव्हाच शंका आली, आता या बाईच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

रोझीबाई जाताना बजावून गेल्या, "उन्हात ठेवू नकोस, वाकतील." दुसऱ्या दिवशी त्या आजारी आईकडे गोव्याला निघून गेल्या. आता जळगावचा मे महिना काय असतो, ते मी सांगायला नको. घरात ठेवलेली मेणबत्ती मान टाकते. अक्कांनी विचार केला, घरात सगळ्यात गार जागा कुठली? माठाखालची ओली वाळू. आम्ही खानदेशातले लोक काकडी, लोणी, नागवेलीची पानं सगळं तिथेच ठेवतो. तशाच तबकड्याही फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून वाळूत उभ्या केल्या. सकाळी उघडून पाहतो तर तबकड्या ताठ, काळ्या, चकचकीत, आणि मधले कागद फुगून, सुटून, त्यांचा लगदा झालेला. लिहिणाऱ्याचं नाव, भागांचे आकडे, सगळं माठाखाली गेलं. मी कपाळावर हात मारला. अक्का म्हणाल्या, "वाकल्या तर नाहीत ना?"

क्रम त्यांनी हलवला नव्हता, वरची बाजूही ठाऊक होती. म्हणून लगेच पांढरा रंग आणून त्यांनी आकडे घातले. पहिल्या तबकडीच्या पुढे एक, पाठीला दोन. दुसरीच्या पुढे तीन, पाठीला चार. असे आठ. जगातली कुठलीही तबकडी अशीच वाजवतात, एक बाजू झाली की उलटायची. यात चूक कुठे असेल, असं माझ्या गणिती डोक्यालाही वाटलं नाही.

ऐकताना मात्र गंमत व्हायची. दुसऱ्याच भागात असा दणदणाट व्हायचा, की आता टाळ्या वाजवून घरी जावं. आणि तिसरा भाग पुन्हा जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू. आठवा भाग तर हळूच एका सुरावर टेकायचा आणि तिथेच लोंबकळत संपायचा. मी म्हटलं, "अक्का, या माणसाचं काही चुकतंय."

"नव्या जमान्याचा आहे तो," त्या म्हणाल्या. "आणि जिवंत आहे. जिवंत माणसाचं काय सांगावं?"

झालं! पावसाळाभर शाळा सुटली की शाळेतला ग्रामोफोन सुरू. थोडीशी सुरावट ऐकायची, सुई उचलायची, पियानोवर बसायचं. "बरं. पुन्हा." मी वह्या तपासत बसायचे आणि माझ्या हातून बरोबर उत्तरांवर फुल्या पडायच्या. दिवाळीपर्यंत त्यांचा हात बसला. सगळा बसला असं मी म्हणणार नाही. तो लिहिणारा राक्षस असावा, त्याला दोन हातांत पंधरा बोटं असावीत. जिथे जमलं नाही तिथे अक्कांनी दोन सुरांचं काम एकात उरकलं. पण चाल धरली, जोर धरला, आणि पियानो तयार झाला. राहिलं अख्खं गाव.

तेव्हा त्या उठल्या आणि सरळ लोटनमास्तरांच्या घरी गेल्या. लोटनमास्तर म्हणजे खिडकीमागून ऐकलेला तोच गुणी क्लॅरिनेटवाला. जळगावपासून एरंडोल, अमळनेरपर्यंत लग्नं वाजवणाऱ्या बँडचा मालक. पिळदार मिशा, लाल कोट, त्याला खांद्यावर सोनेरी झालर. अक्का दारात उभ्या पाहून मास्तर हबकलेच.

"अक्का, आम्ही लगीनना बँडवाला," ते म्हणाले. "आम्हले हाई साहेबलोकेसनं कसं जमी? आम्हले कागद वाचता येत नही."

"मला तरी कुठे येतो? तुम्ही गाणी शिकता कशी?"

"ऐकीसन."

"मग ऐका."

दहा-अकरा माणसं शाळेच्या हॉलमध्ये ग्रामोफोनभोवती मांडी घालून बसली. संपूर्ण ऐकून झालं. मग मास्तर म्हणाले, "परत लावा." आकड्यांशी त्यांचं जमलं नाही. त्यांनी प्रत्येक भागाला लग्नातलं नाव दिलं. पहिला भाग मांडव. दणदणाटाचा तो दुसरा भाग वरात. हळूहळू वाजणारा सातवा भाग बोळवण, मुलगी सासरी निघते तेव्हाचा. अशी आठही नावं. नाव एकदा चिकटलं की त्यातला सूर त्यांच्या बोटांतून हलायचा नाही. आणि मेलेल्या काळी चारचाही बंदोबस्त झाला. जिथे जिथे पियानोला तो सूर लागेल, तिथे मास्तरांनी क्लॅरिनेटवर तेवढा एकच सूर टाकायचा. अक्का पट्टी दाबायच्या आणि सूर यायचा मास्तरांच्या तोंडून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसले.

एकच अडचण होती. या मंडळींचा जन्म रस्त्यावर वाजवण्यात गेलेला. हळू म्हणजे काय, ते त्यांना माहीतच नव्हतं. बोळवण सुरू झाली की छतावरची कबुतरं उडायची. अक्कांनी सांगून पाहिलं, हातवारे करून पाहिले. शेवटी काय केलं असेल? शाळेत झाडलोट करणाऱ्या सखूबाईंचं चार महिन्यांचं पोर पाळण्यासकट आणून हॉलच्या मध्यावर ठेवलं.

"अक्का, मन्हं पोरगं उठाडशात तुम्ही!" सखूबाई ओरडल्या.

"नाही उठणार," अक्का म्हणाल्या आणि बँडकडे वळल्या. "पोर उठलं की पहिल्यापासून."

पहिल्या दिवशी ते सात वेळा उठलं. ढोलवाला घामानं निथळला. पण त्या मिशाळ माणसांनी ट्रंपेटमध्ये फडकी कोंबली, श्वास आवरले, ढोलावर काठीऐवजी बोटं चालवली. तिसऱ्या आठवड्यात बोळवण संपली तेव्हा पोर मूठ तोंडात घालून गाढ झोपलं होतं. ढोलवाल्याचे डोळे भरून आले. म्हणाला, लग्नात मुलगी निघते तेव्हा आपण नुसतेच बडवत होतो इतकी वर्षं.

आता एवढं सगळं चाललंय ते शाळेच्या अध्यक्षांच्या कानावर जाणार नाही, असं कसं होईल? आबासाहेब वकील, माणूस वाईट नव्हता. मुलींची शाळा काढली ती त्यांनीच, आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. पण त्यांच्या सुधारणेला एक कुंपण होतं आणि अक्का त्यावर चढून बसल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावून घेतलं.

"गोदाबाई, हे खरं का? बक्षीस समारंभाला, थिएटरात, चारचौघांसमोर तुम्ही लग्नाच्या बँडबरोबर बसणार? लोक काय म्हणतील? एक विधवा बाई..." पुढचं त्यांना बोलवेना, तेवढी सभ्यता होती.

"लोक काय म्हणतील ते लोकांनाच म्हणू द्या की," अक्का म्हणाल्या.

"लोक उठून जातील! अर्धा तास ते विलायती आपटणं कोण ऐकणार? शाळेची शोभा होईल."

आणि अक्का, माझ्याकडे न बघता, शांतपणे म्हणाल्या, "उठून गेले तर पियानो परत थिएटरात पाठवा. गाण्याचा तास बंद करा. मी जन्मभर काजं शिकवीन, ब्र काढणार नाही. पण बसून राहिले, तर पियानो शाळेचा, तास कायमचा, आणि मी कुणाबरोबर बसून वाजवते हे पुन्हा कुणी विचारायचं नाही."

आबासाहेबांना हसू आलं. "मान्य," ते म्हणाले. खटला जिंकल्यासारखाच चेहरा होता त्यांचा.

बाहेर आल्यावर मी चिडले. "अहो, काजं! जन्मभर काजं! तुम्हाला वेड लागलंय का?" अक्का चपला घालत होत्या. उजवी चप्पल डाव्या पायात गेली, तेव्हा मला कळलं की बाई घाबरली आहे, चांगलीच घाबरली आहे. "हात चालू दे," त्या म्हणाल्या, पण पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

समारंभाला चार दिवस राहिले आणि रोझीबाई गोव्याहून परतल्या. थेट तालमीला आल्या. बाकावर बसून ऐकायला लागल्या आणि दुसऱ्या भागाला चमकल्या, चौथ्याला उभ्या राहिल्या, आणि आठवा लोंबकळत संपला तेव्हा म्हणाल्या, "सायबा! गोदा, हे तू काय करून बसलीस? हे सगळं उलटंपालटं आहे!"

मग उलगडा झाला. त्या बड्या साहेबाकडे ग्रामोफोन साधा नव्हता, आपोआप चालणारा होता. त्यात तबकड्या एकावर एक ठेवायच्या. एक वाजली की वरची दुसरी आपणहून खाली पडायची. चारींची पुढची बाजू वाजून झाली की सगळा गठ्ठा एकदम उलटायचा. त्या यंत्रासाठी बनवलेल्या तबकड्यांवर भागही त्याच हिशेबानं घातलेले असायचे. पहिलीच्या पाठीला दुसरा भाग नव्हताच, होता तो शेवटचा.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की सखूबाईंचं पोर तेवढ्यानं जागं झालं. अक्का पियानोसमोर बसूनच होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आठ महिने. अकरा माणसं. चार दिवस.

मी काय करणार? मला एकच गोष्ट येते. मी फळ्याकडे गेले. चार तबकड्या काढल्या, गठ्ठा उलटला, बाण काढले, आणि अक्कांच्या आकड्यांत खरा क्रम लिहिला. एक, तीन, पाच, सात. मग आठ, सहा, चार, दोन. लिहून मागे सरले आणि मलाच मौज वाटली. "अक्का, बघा तरी. आधी विषम चढत जायचे, मग सम उतरत यायचे."

अक्कांनी फळ्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर आरोह-अवरोह!"

"पण चार दिवसांत नव्या क्रमानं?" रोझीबाई म्हणाल्या. "आमच्या वसाहतीतल्या बँडला तर महिना लागेल. सगळे कागद नव्यानं लावावे लागतील."

लोटनमास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "कागद शेतच कोठे आमनाजवळ? बाई, नवरदेव रुसना का आर्धी वाटपाईन वरात फिरस. आम्ही मांडव सोडीसन वरात धरतस, वरात सोडीसन बोळवण. हाई तं आमनं रोजनं शे!" आणि बँडकडे वळून त्यांनी हाक दिली, "मांडव पहिले. वरात बठ्ठासना शेवटी. चला रे!"

आणि वाजलं की हो! पहिल्या खेपेला दोन सांधे खडखडले, दुसऱ्या खेपेला एक, तिसऱ्याला काही नाही. आठ महिने जे आडवंतिडवं चाललं होतं, ते सरळ रस्त्याला लागलं. मांडव उभा राहिला, बोळवण बरोबर मध्ये आली, आणि वरात शेवटी आली, जिथे ती यायला हवी तिथे. त्या रशियातल्या माणसाचं काहीच चुकलेलं नव्हतं. अक्कांनी पियानोवर कपाळ टेकलं. मग मान वर करून म्हणाल्या, "बरं. पुन्हा."

रविवारी दुपारी चारला थिएटर भरलं. पियानो पुन्हा बैलगाडीतून आपल्या जुन्या घरी आला होता. गावातले वकील, डॉक्टर, अडते पुढच्या खुर्च्यांवर. मागे बाकांवर केळीच्या बागांतून आलेली मुलींची घरची माणसं, मुंडाशी बांधून. सखूबाई पोर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेच्या कडेला. आबासाहेब मध्यभागी, दोन्ही हात काठीवर. पडदा सरला. एका बाजूला लाल कोट, दुसऱ्या बाजूला फिकट निळ्या लुगड्यातल्या अक्का, कपाळ मोकळं, पाठ ताठ. कुणीतरी शिट्टी मारली.

पहिले दोन भाग लोकांना झेपले नाहीत, खोटं कशाला सांगू? खुर्च्या करकरायला लागल्या. एक अडतेबुवा धोतर सावरत उठले, त्यांच्या शेजारचे उठायच्या बेतात आले. आबासाहेबांनी मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात आली काळी चार. अक्कांनी पट्टी दाबली, पियानो टक्‌ झाला आणि सूर निघाला पलीकडून, मास्तरांच्या क्लॅरिनेटमधून. मागच्या बाकांवर हशा पिकला. पुन्हा आली, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी लोक वाटच बघत होते. अक्कांचा हात तिकडे वळला, की मागून कुणीतरी म्हणालं, "उना! उना!" म्हणजे आला, आला! आणि सूर आला की अख्ख्या बाकांवर टाळी. अडतेबुवा तसेच उभे होते. मागून आवाज आला, "ओ काका, बसा, दिसत नही!" ते बसले. त्यानंतर कुणी उठलं नाही.

कारण आता लोकांना कळलं होतं की हे दोघं बोलताहेत. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. पियानो रागावला की बँड गुरगुरायचा, पियानो रडवेला झाला की बँड गप्प व्हायचा. मग बोळवण आली. थिएटरातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना की ही बोळवण आहे. आणि सखूबाईंचं पोर झोपलं. ढोलवाला वाजवता वाजवता त्या पोराकडे बघून हसला, मी पाहिलं.

आणि वरात! देवा रे, ती वरात! इतके दिवस ज्याला दम धरायला लावला होता तो ढोल सुटला. ट्रंपेटमधली फडकी निघाली. अक्कांची बोटं दिसेनाशी झाली, निम्मे सूर चुकले असतील, असू देत, जोर त्यांचाच होता. मागचे बाक पायांनी ठेका धरायला लागले, मग पुढच्या खुर्च्या. शेवटचा घाव पडला आणि थिएटरात असा कल्लोळ उठला, की बाहेरचे टांगेवाले आत धावले. रोझीबाई माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मी रडत नव्हते असं सांगायचा विचार होता, पण आता कशाला?

आबासाहेब काठी टेकत स्टेजवर गेले. ठेका धरून धरून त्या काठीचं टोक फाकलं होतं. अक्कांसमोर उभे राहून खाकरले. "गोदाबाई, तो पहिला भाग जरा लांबला." अक्का उठून उभ्या राहिल्या. "पुढच्या वर्षी खुर्च्या वाढवाव्या लागतील," असं म्हणून त्यांनी लोटनमास्तरांना हात जोडून नमस्कार केला. वकीलसाहेबांनी बँडवाल्याला! सारं जळगाव बघत होतं.

पियानो शाळेतच राहिला. गाण्याचा तास राहिला, वाढला. शिवणाला नवीन बाई आल्या आणि मुली काजं करायला शिकल्या. लोटनमास्तरांनी मात्र एक उद्योग केला. त्यांना त्या शेवटच्या भागाचा असा लळा लागला, की त्यांनी तो खरोखरच वरातीत वाजवायला सुरुवात केली. एरंडोलला वाजवला, अमळनेरला वाजवला, थेट धुळ्यापर्यंत गेला तो. लोक म्हणायचे, अक्कांची वरात लावा. रशियातला तो माणूस, त्याला काय पत्ता!

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात. माझी बदली धुळ्याला होऊन वर्षं झाली होती. शांताच्या लग्नासाठी मी आले. शांता यावलकडची, केळीच्या बागेवाल्यांची मुलगी, अक्कांच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. लग्न लागलं, ऊन उतरलं आणि वरात आमच्या जुन्या रस्त्यानं निघाली. पुढे लोटनमास्तर, मिशा पांढऱ्या, कोट तोच. मी बायकांबरोबर मागे चालले होते. अक्कांचं घर आलं आणि माझी नजर आपोआप त्या खिडकीकडे गेली. एक दार लोटलेलं होतं. मागे फिकट लुगडं दिसलं. एवढं सगळं होऊनसुद्धा बाई खिडकीमागेच!

आणि बँड थांबला. एकदम. नवरदेवाच्या घरचे लोक चक्रावले, काय झालं, काय झालं करू लागले. शांता मोटारीतून उतरली, मुंडावळ्या सावरत ओट्यावर चढली आणि दार वाजवलं.

"अक्का, बाहेर या."

"अगं, वेडी का काय?" आतून आवाज आला. "शुभकार्यात मी कुठे समोर येऊ?"

"तुम्ही आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. इथेच उभी राहते."

सासरची एक म्हातारी पुढे सरसावली, काही बोलणार होती. लोटनमास्तरांनी क्लॅरिनेट खाली केलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्का पुढे चालतीन, तव्हयच आम्ही वाजाडसूत." ढोलवाल्यानं ढोल गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला.

दार उघडलं. अक्का ओट्यावर आल्या. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. खाली उतरताना त्यांनी उजवी चप्पल आधी डाव्या पायात घातली, आबासाहेबांच्या घराबाहेर घातली होती तशीच. शांतानं त्यांचा हात धरून त्यांना बँडच्या पुढे नेऊन उभं केलं. मास्तरांनी मान हलवली.

आणि अक्का चालल्या, वरातीच्या सगळ्यात पुढे, भर रस्त्यानं, लोक दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभे असताना. मागे त्यांचाच कन्सर्टो वाजत होता. पहिली वीस पावलं त्या खाली बघून चालल्या. मग बोटं हलायला लागली, लुगड्याच्या निऱ्यांवर, दहाच्या दहा. मग मान वर झाली. म्हातारीही मागून चालायला लागली होती. मी गर्दीतून घुसत पुढे गेले, मला त्यांचा चेहरा बघायचा होता आणि मी तो बघितला.

मारुतीच्या देवळाशी शेवटचा घाव पडला. लोक ओरडत होते, मास्तर धापा टाकत होते. नवरीची मोटार वळायला लागली. अक्कांनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला, मागे वळून अख्ख्या बँडकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"बरं. पुन्हा."